चिठ्ठ्या, टिकल्या आणि गोल मांडलेल्या खुर्च्या: इंदूरच्या एका गणपती मंडळाच्या बैठकांच्या नोंदी

आमची कॉलनी सुदामानगरच्या अंगाला. होळीनंतरच्या बैठकीला मी गेले नाही, म्हणून यंदा चिटणीस झाले. (गैरहजर माणसाच्या गळ्यात पद घालायची रीत तुमच्याकडेही असेलच.) बैठकीत तीन काका बोलतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात, हे इतकी वर्षं बघत होते. म्हटलं, यंदा तेवढं तरी बदलून बघू. दर रविवारी घरी येऊन लिहीत गेले. ज्यांना आपल्या मंडळात, भिशीत नाहीतर सोसायटीत हे करायचंय, त्यांच्यासाठी आहे तसं ठेवते आहे. नावं घातलेली नाहीत. कॉलनीतल्यांना कळायचं ते कळेलच.

१ जून २०२५, रविवार

कालच अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती झाली, शहरभर फलक आणि कार्यक्रम. अध्यक्ष काकांनी बसल्याबसल्याच सांगितलं, "यंदाचा देखावा महेश्वरचा घाट, ठरल्यातच जमा. कुणाला काही सुचवायचं असेल तर बोला." ठरल्यावर काय बोलणार? कुणी बोललं नाही.

मी इतिवृत्ताच्या वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली आणि जो तोंड उघडेल त्याच्यापुढे एक रेघ ओढत गेले. हजर सोळा. रेघा एकाहत्तर. त्यातल्या अठ्ठावन्न तिघांच्या: अध्यक्ष काका, बँकवाले काका आणि मंडपवाले काका (त्यांचा मंडपाचा धंदा नाही, दरवर्षी मंडप तेच ठरवतात). चौघांच्या मिळून तेरा. उरलेल्या नऊ जणांपुढे कोरी जागा. वेळ दीड तास, खर्च चहाचा.

आधी मोजा, मग काय ते करा. मला वाटत होतं की पाच-सहा जण तरी बोलतात. तसं नव्हतं.

८ जून

खुर्च्या ओळीत असायच्या आणि तिघा काकांच्या समोर. आज लवकर जाऊन गोल मांडल्या. एकेकाने बोलायचं असं ठरवलं आणि मान म्हणून सुरुवात अध्यक्ष काकांपासून केली. तिथेच फसलं.

काका बारा मिनिटं बोलले. पुढचे: "काका म्हणाले तेच." "माझंही तेच." "काकांच्या पुढे आम्ही काय बोलणार?" कॉलेजातला मुलगा: "सही है काका." पंधरापैकी अकरा जणांनी हेच निरनिराळ्या शब्दांत सांगितलं. वर आणखी एक गोष्ट दिसली. ज्याची पाळी जवळ येते तो दुसऱ्याचं ऐकतच नाही, आपलं वाक्य मनात घोकत बसतो. तळमजल्यावरच्या आजींचे तर ओठ हलत होते.

वेळ एक तास पन्नास मिनिटं. हाती काही नाही. पोहे गार झाले ते वेगळंच. इंदुरात गार पोहे म्हणजे गुन्हा.

१५ जून

खजूरी बाजारातून कोऱ्या चिठ्ठ्यांचे दोन पॅड (५० रुपये) आणि दहा पेनं (५० रुपये). मिठाईचा रिकामा डबा घरचा. बोलायच्या आधी सगळ्यांनी गुपचूप लिहायचं. प्रश्न दिला: "यंदा नवीन काय करावं?"

पंधरा चिठ्ठ्यांपैकी सात चिठ्ठ्यांवर "छान व्हावं", "सगळ्यांनी मिळून करावं" असलं काहीतरी. दोन कोऱ्या. एक आजींची, कारण चष्मा घरी राहिला होता आणि ते सांगायला त्या संकोचल्या. एकीवर लिहिलं होतं, "ऑर्केस्ट्रावर पैसे घालवू नयेत." मी वाचलं मात्र, अध्यक्ष काका म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?" बँकवाल्या काकांनी माझ्या हातातली चिठ्ठी बघितली आणि हसत सांगून टाकलं, "हे तर आमच्या वहिनींचं अक्षर! भिशीच्या वहीत बघतो ना रोज."

वहिनींचे कान लाल झाले. नंतर त्यांनी अंगठीशी चाळा करत पूर्ण वेळ काढला, वर बघितलंच नाही. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

चुका माझ्या. प्रश्न ढोबळ होता. चिठ्ठ्या मी सगळ्यांसमोर उघडल्या. आणि "कुणी लिहिलं विचारायचं नाही" हा नियम आधी सांगितला नव्हता. आता चिठ्ठ्या आधी माझी मुलगी एका वहीत उतरवून घेणार आणि मी वहीतून वाचणार. ती आठवीत आहे. दर: एका बैठकीला एक कचोरी. चिठ्ठ्यांचा डबा आमच्या घरी राहतो. यजमानांचं म्हणणं, "रविवार तेवढा डब्यात घातलास." बोलू दे.

२२ जून

आठवडाभर प्रश्नावरच डोकं घातलं. "काय करावं" विचारलं की लोक भाषण लिहितात. म्हणून यंदाचं विचारलंच नाही. विचारलं हे: "गेल्या वर्षी त्या दहा दिवसांत तुम्ही मंडपातून उठून घरी कधी गेलात, आणि का?"

पंधरा जणांच्या एकतीस चिठ्ठ्या. पॅड संपत आलं. आरती साडेसातला, तेव्हा पोरांचा क्लास आणि घरी कुकर. डास. स्पीकर थेट आजींच्या खिडकीत. सतरंजीवर बसलं की गुडघे उठू देत नाहीत आणि खुर्च्या पुरुषांनी अडवलेल्या. बाथरूमची किल्ली एकाच माणसाकडे, आणि ते काका, त्यामुळे बायका मागत नाहीत, घरी जातात. हे शेवटचं पाच चिठ्ठ्यांवर होतं. इतक्या वर्षांत एकाही बैठकीत निघालं नव्हतं.

आजींनी आज नातीला सांगून लिहवून घेतलं. चालतं.

बँकवाले काका: "तोंडं आहेत ना सगळ्यांना? चार माणसं समोरासमोर बसली की डोकी चालतात. शाळेसारखं लिहायला काय बसवता?" मी तयारीने गेले होते. १९५८ साली येल विद्यापीठात हेच तपासलं होतं. चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्यावर. काका म्हणाले, "ते अमेरिकेत." मी डब्यावर हात ठेवला. "आणि या एकतीस?" गप्प झाले. पाच मिनिटं तरी.

२९ जून

आज चिठ्ठीनंतर जोडीने दोन मिनिटं बोलायचं आणि मग सगळ्यांसमोर, असा बेत. शेजारच्याशी बोला म्हटलं. नवरे-बायका शेजारीशेजारी बसलेले. आठपैकी चार जोड्यांत नवराच दोन्ही बाजूंनी बोलला. एका जोडीत सासू-सून आल्या. दोन मिनिटांनी मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमचं एकमत आहे." सुनेच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या फेरीला एक-दोन-तीन आकडे घालून घरं फोडली. ताबडतोब आवाज वाढला. मंडपवाले काका आणि ती सून एका जोडीत आले, आणि काका नंतर म्हणाले, "ही पोरगी बोलते की हो!"

५ ते ८ जुलै

रविवारी आषाढी, बैठक नाही. त्या आधीमागच्या चार दिवसांत जे अजून गप्प होते त्या सात जणांच्या घरी जाऊन आले. एकूण साडेपाच तास, आणि तीन घरी साबुदाण्याची खिचडी. हे काम पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. चार रविवार वाचले असते.

मी समजत होते की लोक लाजतात. सातांतले लाजणारे एकच.

सातांतल्या काकू, मोदकवाल्या म्हणू. मी विचारलं, "तुम्ही कधीच काही सुचवत का नाही?" त्या म्हणाल्या, "सुचवलं होतं. एकदा." मग आत जाऊन एक वही घेऊन आल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी बैठकीत म्हटलं होतं, उकडीच्या मोदकांची स्पर्धा ठेवू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष तेव्हा दुसरे होते. ते म्हणाले, "वा! मग काकू, तुम्हीच बघा." पाने, द्रोण, परीक्षक शोधणं, बक्षिसाचे डबे, नंतरची झाडलोट, सगळं एकटीने. वहीत एकेक खर्च लिहिलेला, खाली बेरीज १,८४० आणि तिच्यापुढे पेन्सिलीने "मिळाले ५००". "तेव्हापासून मी शहाणी झाले गं," काकू म्हणाल्या. "सुचवलं की गळ्यात पडतं."

आणखी तिघांनी हेच सांगितलं, वह्या नव्हत्या एवढंच. कॉलेजातला मुलगा तर म्हणाला, "ताई, आयडिया देनेवाले को-च काम करना पड़ता है. अपन चुप भले." म्हणजे आमच्याकडे गप्प बसणं हा स्वभाव नव्हता, ती विमा पॉलिसी होती. आणि मी महिनाभर खुर्च्या गोल मांडत होते.

दुसरं घर त्या सुनेचं. माहेर महेश्वर. हे कॉलनीत कुणालाच माहीत नव्हतं! दर रविवारी आम्ही महेश्वरच्या घाटावर वाद घालतोय आणि जी घाटावर लहानाची मोठी झाली ती कोपऱ्यात बसून ऐकते आहे. का बोलली नाही? पहिल्या वर्षी ती हिंदीत काही म्हणाली होती, तर कुणीतरी प्रेमाने म्हणालं होतं, "आता मराठीत बोला हो, सूनबाई!" सगळे हसले होते. तिला मराठी पूर्ण समजतं. बोलताना अडखळते. ते वाक्य कुणाचं होतं हे तिने सांगितलं नाही, पण मला शंका आहे की माझंच.

१३ जुलै

दोन नियम फळ्यावर लिहिले. एक: सुचवणारा मोकळा, काम त्याच्याकडे जाणार नाही. दोन: मराठी, हिंदी, निमाडी, जे येईल त्यात बोला.

सत्तावीस सूचना आल्या. सूनबाईंनी हिंदीत सांगितलं की महेश्वरला अहिल्याबाईंच्या वेळेपासूनची लिंगार्चनाची पूजा अजून चालते. मातीची छोटी छोटी शिवलिंगं हातांनी करतात, पाटावर ओळीने मांडून पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात. बोलता बोलता तिने अंगठा आणि दोन बोटांत नसलेली माती वळून दाखवली, वर टोकाला एक दाणा ठेवायची खूण केली. खोलीतले सगळे तिच्या बोटांकडे बघत होते. थर्मोकोलच्या घाटापेक्षा मुलांच्या हातात माती द्या, एवढंच तिचं म्हणणं.

मग निवड. भिंतीवर सत्तावीस कागद आणि माणशी तीन टिकल्या (दोन पाकिटं, ४० रुपये), आवडेल तिथे लावायच्या. अध्यक्ष काका प्रथम उठले, त्यांनी टिकल्या कुठे लावल्या ते सगळ्यांनी बघितलं आणि मागोमाग रांग तिकडेच. मी सगळ्या टिकल्या सोडवल्या आणि परत सुरुवात केली, या वेळी धाकट्यांपासून. अध्यक्ष सर्वांत शेवटी. निकाल वेगळा आला: मातीची लिंगं पहिली, आरतीची वेळ बदलणं दुसरं. टिकली दुसऱ्यांदा नीट चिकटत नाही, पंख्याच्या वाऱ्याने चार पडल्या. पुढच्या वेळी पंखा बंद नाहीतर जास्त टिकल्या.

आधी एकट्याने लिहा, मग एकेक सूचना मांडा, मग मत द्या, हा क्रम डेल्बेक आणि व्हॅन डी व्हेन या दोघा अमेरिकनांनी १९७१ साली मांडलेला आहे. मला तो चुका करत करत सापडला.

पण नवी पंचाईत. सूचना सत्तावीस, आणि "कोण करेल?" या कागदावर नावं सहा. मोकळीक दिली तर सगळेच मोकळे झाले.

२० जुलै

धो धो पाऊस. फोनवर ग्रुप कॉल केला. तिघे काका बोलले. बाकीच्यांची गोल चित्रं. पुन्हा करणार नाही.

२७ जुलै

कामाच्या पेचावर तोडगा: काम फोडून इतकं लहान करायचं की एका संध्याकाळीत संपेल. "लिंगार्चनाची जबाबदारी" कुणी घेत नाही. "शनिवारी दोन तगारी माती आणणे" कॉलेजातला मुलगा घेतो. अशी एकोणीस कामं लिहिली, पंधरा गेली. मोदकवाल्या काकूंनी कुठलंच घेतलं नाही. मी विचारलंही नाही.

मग अध्यक्ष काकांचा बांध फुटला. "आता आम्ही बोलायचंच नाही का? वीज कनेक्शन कोण आणतं, परवानगीला कोण धावतं?" खरं आहे. तात्पुरतं वीज मीटर, नगर निगमचे नियम, मंडप पुरवणाऱ्याची उधारी, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते न ऐकता केलेल्या चारेक सूचना आम्हाला टाकाव्या लागल्या. मी त्यांना गप्प बसवत सुटले होते. तोडगा: पहिली दहा मिनिटं त्यांची, फक्त माहिती, काय होऊ शकतं आणि काय नाही. मत शेवटी. घड्याळही त्यांच्याच हातात दिलं. दहाव्या मिनिटाला स्वतःच थांबले, वाक्य अर्धं टाकून.

घरी येऊन आजच्या रेघा मोजल्या. बऱ्याच दिवसांनी मोजल्या. सर्वांत जास्त रेघा कुणाच्या? चौतीस, माझ्या. अध्यक्ष काकांच्या अकरा.

१० ऑगस्ट

काल राखी, निम्म्या बायका माहेरी. हजर नऊ. आज मी गप्प बसायचा सराव केला. आमच्यात एक निवृत्त विज्ञान शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, मेरी बड रो नावाच्या बाईंनी वर्गांतून टेप लावून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं.

मी प्रश्न विचारला आणि ओढणीखाली बोटं मोजली. पाच. सात. बँकवाल्या काकांनी श्वास घेतला, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तो सोडून दिला. नऊला आजी म्हणाल्या, "स्पीकरचं तोंड रस्त्याकडे करा ना. एवढंच." दोन महिन्यांत त्यांचं पहिलं वाक्य, नातीवाचून.

२४ ऑगस्ट, शेवटची बैठक

हजर एकोणीस. रेघा अठ्ठ्याण्णव. पंधरा जण बोलले. तिघा काकांच्या मिळून एकतीस, माझ्या चौदा. चौघं गप्प. त्यांतल्या एका काकांना विचारलं तर म्हणाले, "मला ऐकायला आवडतं. चहा चांगला असतो." त्यांना मी सोडून दिलं.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. रात्री अर्धी कॉलनी झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला राजवाड्याकडे, सगळ्यांचे डोळे तांबारलेले. आज रात्री खग्रास चंद्रग्रहण, दुपारपासून वेध, म्हणून हिशेबाची बैठक सकाळी नऊला उरकली.

काय जमलं: आरती सव्वाआठला नेली, गर्दी दिसण्याइतकी वाढली. बाथरूमची दुसरी किल्ली सूनबाईंकडे. मुलांनी आठ दिवस मातीची लिंगं केली, शेवटी पिंपात विरघळवून ती माती बागेत घातली. सूनबाईंनी मुलांना शिकवलं, आणि हो, ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. नियम माझा आणि मोडलाही मीच, कारण दुसऱ्या कुणाला ते वळता येत नव्हतं. त्यांना विचारलं, राग आला का? म्हणाल्या, "पैसे तो मिल गए ना भाभी." मातीचे आणि पाटांचे ३६० रुपये त्यांना त्याच दिवशी दिले होते. काकूंची वही बघितल्यानंतर मी तेवढं एक शिकले होते.

काय फसलं: तरुणांनी सुचवलेली प्रश्नमंजूषा. सहा माणसं आली आणि त्यात चार घरातली. डासांचं काहीच झालं नाही.

माझा एकूण खर्च: चिठ्ठ्या आणि पेनं १००, नंतरचं एक पॅड २५, टिकल्या ४०, कचोऱ्या ९०. म्हणजे २५५. मंडळाने दिले. वेळ मोजला नाही, तो आकडा घरी बरा नाही.

मोदकवाल्या काकूंनी निघताना विचारलं, पुढच्या वर्षी स्पर्धा ठेवली तर द्रोण कुठून आणायचे. मी म्हटलं, सुचवताय की विचारताय? म्हणाल्या, विचारतेय.

डब्यात शेवटच्या सहा चिठ्ठ्या होत्या, "पुढच्या वर्षी काय वेगळं व्हावं" याच्या. मुलगी क्लासला गेलेली, म्हणून मीच उघडल्या. पाच नेहमीच्या. सहावीवर होतं: "चिटणीस बदला. रविवारी घरी माणूस दिसत नाही."

अक्षर ओळखीचं होतं. विचारलं नाही.